आवाज काढून टाकलेलं लग्न

पाटोदा,
माघ वद्य पंचमी

श्री. सुंदरराव यांना पाटोद्याहून आप्पाराव याचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

नुसत्या मायन्यापायी तीन कागद फाडून झाले. ‘आदरणीय व्याही’ लिहावं, तर ते नातं कोर्टात मोडून चौदा वर्षं झाली. ‘मित्रवर्य’ लिहावं, तर आपण मित्र कधीच नव्हतो. माझी पुतणी शिवकन्या तुमच्या रविराजला दिली, म्हणून तर आपली ओळख. कोर्टाच्या कागदात नवरा-बायकोनं काय करायचं ते कलमवार लिहिलेलं असतं, पण दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी पुढं एकमेकांना काय म्हणून हाक मारायची, ते कुणी लिहीत नाही. म्हणून नुसतं सुंदरराव. राग मानू नका. (फोन केला नाही, कारण तो तुम्ही उचलला नसता, आणि उचलला असता तर घाबरून मीच ठेवून दिला असता.)

तुमच्या गुडघ्यांचं कसं काय? लग्नात पंगतीला बसताना तुम्हाला दोघांनी धरून बसवलं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण गेले चार महिने मी तुम्हाला रोज बसताना बघतोय. त्याचा खुलासा पुढं येईल. परळीच्या थर्मलमधून निवृत्त झालात असं कळलं. राखेचा खोकला आता तरी सुटला असेल. रविराजचं पुन्हा लग्न झालं, मुलगी झाली, हेही कानावर आलं. बरं वाटलं, आणि हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही. आमची शिवकन्या अंबाजोगाईला शाळेत शिकवते, तिचं तिचं ठीक चाललंय. माझी साखर वरखाली होत असते. धंदा म्हणाल तर दुकानावर पाटी अजून फोटो स्टुडिओची आहे आणि आत झेरॉक्स निघतात. लग्नाचं शूटिंग ड्रोनवाल्यांकडं गेलं. ते आभाळातून लग्न लावतात. आम्ही खाली, लोकांच्या कोपरखळ्या खात उभे असायचो.

आमचा बंकटदादा श्रावणात गेला. तुम्हाला कळलंच असेल. दहाव्याला, नदीवर, सगळ्यात मागं बाभळीखाली तुमच्यासारखा एक माणूस उभा दिसला. मी गर्दीतून तिथवर पोचेपर्यंत तो निघून गेला होता. ते तुम्हीच असाल, तर हे पत्र लिहिणं मला थोडं सोपं जाईल. नसाल, तरी मी तुम्हीच होतात असं धरून लिहितो.

तर दादा गेल्यावर महिन्याभरानं वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, शिवकन्येचं लगीन बघायचंय मला.” मी जरा चमकलो. मोडलेलं लग्न कुणी मुद्दाम बघतं का? पण मी जन्मभर फोटो काढलेला माणूस. मला वाटलं, कळलं आपल्याला. दादा भिंतीवरच्या फोटोत एका जागी बसलाय, त्या कॅसेटमध्ये तो चालतो, पागोटं सावरतो, आचाऱ्यावर डोळे वटारतो. वहिनींना हलता दादा बघायचाय. मी म्हणालो, “एवढंच ना? आठ दिवसांत आणून देतो.” आठ दिवसांचे चार महिने झाले, आणि त्या चार महिन्यांत मी जे करून ठेवलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

आता वहिनींकडं काय आहे ते ऐका. गावाकडं, युसूफ वडगावच्या घरात एक जुना डबा टीव्ही आहे आणि त्याखाली एक डीव्हीडी प्लेयर. दादानं तो कीर्तनाच्या सीडी बघायला म्हणून बीडहून खोकं मांडीवर घेऊन एसटीतून आणला होता. मी म्हणालो, नवा टीव्ही घेऊ, पेनड्राइव्ह लावू, नाहीतर मोबाईलवर टाकून देतो. वहिनी म्हणाल्या, “त्यांनी आणल्यालं हाय. त्यावरच बघीन.” बरं, तो प्लेयर पाटोद्याला नेऊन तिथं तपासावं म्हटलं, तर त्याला घराबाहेर काढू देईनात. म्हणजे डिस्क बनवायची पाटोद्यात, आणि ती चालते का ते बघायला दोन एसट्या बदलून युसूफ वडगावला जायचं. केजच्या स्टँडवरचा चहावाला मला आता डिस्कवाले मामा म्हणतो.

पहिली डिस्क मी आजकालच्या रीतीनं बनवली. कॅसेट संगणकात उतरवली, मोबाईलवर चालते तसली उत्तम फाईल केली, डिस्कवर टाकली, आणि शेजारपाजारच्या चार बायका जमवून मोठ्या तोऱ्यात प्लेयरमध्ये सरकवली. प्लेयर गुरगुरला, आणि पडद्यावर इंग्रजीत आलं की आत डिस्कच नाही. माझ्या डोळ्यांदेखत आत गेलेली डिस्क. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. तो त्याच्या काळात जी भाषा शिकला तेवढीच त्याला येते, आणि मी त्याला नातवाच्या भाषेत गोष्ट सांगत होतो. (बाहेर काढणंही सोपं नाही. त्याचा खण अडकतो. दादा त्याला एका बाजूनं थापटी मारून उघडायचा. ती थापटी नेमकी कुठं आणि किती, हे दादाबरोबर गेलं. मी सुरीनं काढली. म्हणूनच दोन डिस्कवर निम्मं निम्मं लग्न द्यायचा सोपा रस्ता बंद झाला. जे काय असेल ते एकाच डिस्कवर, एकदा घातली की घातली.)

दुसरी डिस्क जुन्या पद्धतीची केली. पण बनवताना संगणक विचारतो, कोणत्या देशाच्या टीव्हीसाठी? यादीत वरचं होतं ते मी दाबलं. ते अमेरिकेचं निघालं. आपल्या टीव्हीचा हिशोब सेकंदाला पंचवीस चित्रांचा, त्यांचा तिसाच्या घरातला. झालं काय, तर आख्खं लग्न काळंपांढरं आलं आणि खालून वर पळायला लागलं. नवरी वर गेली की खालून पुन्हा नवरी. तुम्ही पंगतीला बसताना सारखे आकाशात निघालात. शेजारची एक म्हातारी म्हणाली, “आमच्या लग्नाच्या येळचं हाय का हे?” वहिनींनी डिस्क पुसली आणि पाण्याच्या तांब्यावर झाकण म्हणून ठेवली. पुढं पुढं त्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर माझी एकेक डिस्क बसली.

तिसऱ्या डिस्कला देश बरोबर होता, रंग बरोबर होते, पण अक्षता आडव्या आल्या. हे तुम्हाला समजावून सांगतो, कारण सगळी गोम इथं आहे. एका डिस्कमध्ये जागा ठरलेली. लग्न तीन तासांचं. म्हणजे एकेका सेकंदाच्या चित्रावर किती जागा खर्चायची, ते आपण आधी ठरवायचं. त्याला बिटरेट म्हणतात. माणसं नुसती बसलेली असतील तर थोडक्यात भागतं, कारण मागच्या चित्रातलंच पुढं चालवता येतं. पण अक्षता पडायला लागल्या की प्रत्येक दाणा वेगळा, प्रत्येक दाणा हलता, आणि संगणक बिचारा दाण्यामागं दाणा मोजत बसतो. सगळी जागा तांदळावर खर्च होते आणि माणसांच्या तोंडाला काही उरत नाही. शुभमंगल सावधान झालं रे झालं, की नवरा, नवरी, भटजी, मामा, सगळ्यांच्या तोंडाचे चौकोन. आणि दादा नेमका तिथंच दिसतो, शिवकन्येच्या मागं, डोळे पुसताना. तीन तासांत मिळून तो चार मिनिटंही दिसत नाही (मुलीचा बाप लग्नात एका जागी असतो कुठं), त्यातलं हे सगळ्यात जवळचं चित्र, आणि त्यात दादाच्या तोंडाच्या जागी फरशा बसवलेल्या.

मग मी पेटलो. सुंदरराव, माणसाला दुःख झालं की तो काहीतरी काम काढतो, तसं मी बिटरेट काढलं. आकडा वाढवला तर डिस्कमध्ये मावेना. उरलेलं लग्न कमी करून अक्षतांना जास्त दिलं, तर प्लेयरला एकदम एवढा घास गिळवेना, तो अडखळायचा. नवरी हार घेऊन उभी आणि हार काही गळ्यात पडेना. मग संगणकाला दोनदा फिरवायची एक रीत आहे ती धरली. पहिल्या फेरीत तो लग्न नुसतं बघून घेतो, कुठं गर्दी आहे, कुठं निवांत आहे. दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणं वाढतो. चांगली वाढपीण अशीच करते. त्यानं थोडा फरक पडला, पण दादाच्या डोळ्यांपर्यंत काही पोचेना. मी काय काय काढून टाकलं म्हणता? आहेराचा पाऊण तास गाळावा असं मनात आलं होतं. मग वाटलं नको, त्यात वहिनींचं माहेर आहे. तुमची वरात कमी करावी म्हटलं. पण मोडलेल्या नात्यातली वरात कापणं बरं दिसेना. शेवटी माझी नजर आवाजावर गेली.

तीन तासांचा आवाज माझ्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये न दाबता जात होता आणि डिस्कचा जवळजवळ निम्मा भाग एकटा खात होता. आणि आवाज तरी काय? जनरेटरची घरघर, बँड, भोंग्याची शिट्टी, कुणाची तरी हरवलेली चप्पल, कुणाचा तरी सापडलेला मुलगा, ‘जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये’. हा गोंगाट काढला तर चित्राला दुप्पट जागा. आता खरं सांगायचं तर तो आवाज दाबून लहान करता आला असता. एक खूण करायची होती फक्त, मला ती ठाऊक होती. पण मला तो नकोच होता. चाळीस वर्षं मी शूटिंग करताना लोकांचं बोलणं म्हणजे कामातला अडथळा समजत आलो. मी तो सगळा पुसला आणि त्याजागी अगदी हलकी, जागा न खाणारी एक सनई घातली, तीन तास तीच ती. डिस्क बनली. दुकानात लावून बघितली. सुंदरराव, अक्षता पडत होत्या आणि त्यातून दादाचा डोळा दिसत होता, ओला. मी दुकानात एकटाच रडलो. त्या दिवशी झेरॉक्सला आलेल्या बाईला मी तिच्या कागदाऐवजी माझं लाईट बिल काढून दिलं.

मग ज्याला अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते मी केलं. संगणक भरला होता, म्हणून उतरवलेली मूळ फाईल पुसली. आणि त्याच सुमाराला वहिनींची ज्वारी दाण्यात आली होती, चिमण्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. तुम्ही शेतात राहिलेले आहात, तुम्हाला सांगायला नको: कॅसेटमधली पट्टी काढून, पीळ देऊन रानात ताणून बांधली की ती उन्हात चमकते, वाऱ्यानं भुणभुणते, आणि पाखरं बसत नाहीत. माझ्या दुकानात जुन्या लग्नाच्या कॅसेटी धूळ खात पडलेल्या. चाळीस कॅसेटी मी पोत्यात भरल्या. शिवकन्येच्या लग्नाची कॅसेटही त्यातच टाकली. तिचं काम झालंय असं मला वाटलं. डिस्क झाली होती ना.

सकाळच्या गाडीनं गेलो. आधी वाटेकऱ्याला हाताशी घेऊन रानात पट्ट्या बांधल्या, या बांधापासून त्या बांधापर्यंत. चाळीस लग्नं दादाच्या ज्वारीवर ताणली. फार छान वाजायला लागली. दुपारी घरी येऊन, हातपाय धुऊन, मी वहिनींसमोर डिस्क घातली.

वहिनी पूर्ण तीन तास हलल्या नाहीत. मांडीवर हात घेऊन, जराशा पुढं वाकून बसल्या होत्या. अक्षता पडल्या, दादाचा डोळा आला, मी त्यांच्याकडं बघितलं, त्या तशाच. मला वाटलं, भरून आलं असेल. पंगती आल्या तेव्हा मात्र त्या आणखी पुढं सरकल्या, पदर कानामागं केला. पंगती संपल्या. शिवकन्या गाडीत बसली. डिस्क संपली. मग त्यांनी विचारलं, “भाऊजी, आवाज कावून न्हाई?”

मी सांगितलं. अभिमानानं सांगितलं, अगदी निम्म्या जागेच्या हिशोबासकट. म्हणालो, “चित्र बघा की वहिनी कसं आलंय.” त्या म्हणाल्या, “चित्र लई चांगलं हाय.” आणि म्हणाल्या, “त्यांचा फोटो हाय की भितीवर. तुमीच काढल्याला. त्यो रोज बघते मी.”

मग एकेक करून निघालं. लग्नाच्या दिवशी कोठीची किल्ली वहिनींच्या कमरेला होती आणि त्या आत नवरीपाशी अडकल्या होत्या. दुसऱ्या पंगतीला बुंदी काढायची, आचारी खोळंबलेले, आत निरोप धाडायला माणूस सापडेना. तेव्हा दादानं मायकवाल्याच्या हातातून मायक घेतला. आमचा दादा मायकावर, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे विहीर खणणं. आणि त्यानं आख्ख्या मांडवात, सातशे माणसांत, वहिनींना नावानं हाक मारली. (नाव मी लिहीत नाही. थोरल्या भावजयीचं नाव धाकट्या दिरानं घ्यायचं नसतं. लग्नपत्रिकेवर तुम्ही वाचलंच असेल.) “लग्नात नाव घ्यायच्या टायमाला बी त्यांनी मान खाली घातली हुती,” वहिनी म्हणाल्या. “घरात ‘अगं’, न्हाईतर ‘शिवकन्येची माय’. चाळीस वर्सांत माजं नाव तेवढंच एकदा. आत मी ऐकलं अन् बायका माज्याकडं बघून हसल्या. मला लाज वाटली. मी किल्ली दिली नि परत आले. मग कदी त्यांना म्हनले न्हाई, की मी ऐकलं.”

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच शरम वाटली. नवरा जाऊन महिना झालेला असताना, पासष्टीतल्या बाईनं धाकट्या दिराला कुठल्या तोंडानं सांगायचं, की मला तुमच्या दादाच्या तोंडून माझं नाव ऐकायचंय? त्यांनी ‘लग्न बघायचंय’ म्हटलं. तेवढंच त्यांना म्हणता येत होतं, आणि तेवढंच मला ऐकू आलं.

मी रानाकडं पळालो. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी धोतर सावरत (पँट होती, पण पळणं धोतरातलंच होतं) ज्वारीत शिरलो. पण त्या चाळीस पट्ट्यांमधली दादाची कोणती? सगळ्या तपकिरी, सगळ्या सारख्या चमकतायत. सुरीनं सोडून, खांद्यावर गुंडाळत एकेक बांध चढत होतो, वाटेकऱ्याला वाटलं मला ऊन लागलं. मागं वहिनी येऊन बांधावर उभ्या राहिल्या. वारा होता, राहिलेल्या पट्ट्या वाजत होत्या. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या भाऊजी. पाखरं बसत्याल.” तरी मी सगळ्या उतरवल्या. दोन पोती झाली. दुकानात आणून, पीळ काढून, चिकटपट्टीनं जोडून, मी त्या तुकड्यांना जुन्या व्हीसीआरमध्ये घातलं. एका तुकड्यात कुणाचा तरी बँड लागला. एकात एक पुढारी वधूवरांना आशीर्वाद देता देता रस्त्याच्या कामावर घसरला. एकात कुणीतरी मुलगी रडत होती, पण ती आमची नव्हती. बाकी नुसती खरखर. बारावा तुकडा लावला तेव्हा व्हीसीआरनं पट्टी चावून ठेवली आणि स्वतःही थंड झाला.

शेवटी मी आणखी एक वेडेपणा केला. लोक म्हणतात, माझा आवाज थेट दादासारखा आहे. दुपारी शटर ओढून घेतलं, मायक लावला, आणि ठरवलं की आपणच म्हणायचं, मागं जनरेटर लावायचा, वहिनींना कोण सांगणार आहे. सुंदरराव, तासभर बसलो. तोंड उघडलं की ‘वहिनी’च बाहेर यायचं. एकदा पहिलं अक्षर आलं आणि मी मायक बंद केला. जे दादाला जन्मात एकदा जमलं ते मला एकदाही जमलं नाही. आणि जमलं असतं तरी त्या बाईनं पहिल्या अक्षरालाच ओळखलं असतं.

असो. मन मोकळं करायला जुन्या माणसाला लिहिलं, एवढंच. माझं काही मागणं नाही. घरच्या थोरामोठ्यांना नमस्कार, तुमच्या नातीला आशीर्वाद. गुडघ्यांना तिळाचं तेल लावत जा.

आपला,
आप्पाराव

ता. क. मागणं नाही असं वर लिहिलं ते खोटं आहे. त्या लग्नाच्या कॅसेटी दोन निघाल्या होत्या, एक आमच्याकडं, एक तुमच्याकडं. तुमची मी स्वतः परळीला आणून दिली होती. काळ्या खोक्यावरच्या पांढऱ्या चिठ्ठीवर लाल स्केचपेननं दोघांची नावं मीच लिहिलीत. पुढं सगळं मोडलं तेव्हा तुम्ही टेम्पोतून आमची भांडी चमच्यासकट परत पाठवलीत. यादीत कॅसेट नव्हती. तेव्हा ती कुणालाच नको होती. नव्या सुनेच्या घरात कुणी असली वस्तू ठेवत नाही, मला कळतं, आणि टाकून दिली असेल तर तुमची काही चूक नाही. पण माळ्यावर, कपाटाखाली, कुठं राहिली असेल तर ती मला द्या. लावून बघू नका. इतक्या वर्षांनी पट्टीला बुरशी धरलेली असते, एकदा अडकली की तुटते. जशी आहे तशी द्या. या वेळी मी आधी आवाज उतरवीन. चित्राला काही उरलं नाही तरी चालेल.

दुसरी ता. क. मी शिवकन्येला म्हणालो होतो, तूच माग, तुझ्या लग्नाची आहे. ती म्हणाली, “काका, तेंच्याकडं मागायला मला लाज न्हाई. पन त्या दिवशी कप तुमी पालथा घातला हुता, मी न्हाई.” खरं आहे. सोडचिठ्ठीच्या शेवटच्या बैठकीत तुम्ही स्वतःच्या हातानं चहा पुढं केला आणि मी तो न पिता बशीत पालथा घातला. चहा तुमच्या धोतरावर गेला. दादा वाटभर माझ्याशी बोलला नाही, आणि तो जाईपर्यंत मी त्याला म्हणालो नाही की माझं चुकलं. आता तुम्हाला म्हणतो. माझं चुकलं. कॅसेट असो नसो, मी परळीला येईन, आणि दिलात तर चहा पिईन.

तिसरी ता. क. सोबतच्या पाकिटात एक डिस्क आहे. ते लग्न चार महिने सेकंदा-सेकंदानं बघताना मला तुमच्या आई, भिवराबाई, सापडल्या. साखरेचं पथ्य असताना खांबाआड उभ्या राहून बुंदी खातायत, कॅमेरा दिसल्यावर पदर तोंडाला लावतात, आणि मग हसतात. फक्त तेवढंच डिस्कवर घेतलंय, तीन मिनिटं, जागेची काटकसर न करता. कोणताही जुना प्लेयर घेईल असं साधं ठेवलंय. आवाज नाही. तो का नाही ते वर आलंच. ही लाच समजू नका. समजलात तरी बघा.

शेवटची ता. क. तुम्ही काय देताय ते तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून लिहितो. पट्टी संगणकात उतरवताना मी ते एकदा ऐकलं होतं, आणि किल्लीची भानगड म्हणून पुढं गेलो होतो. त्यामुळं शब्द माझ्या ध्यानात आहेत. पहिली पंगत उठते, जनरेटर एकदा अडखळतो, भोंगा शिट्टी मारतो, आणि दादा खाकरून म्हणतो: “चतुराबाई जिथं असत्याल तिथून त्यांनी कोठीकडं यावं. किल्ली पायजे.” मग थोडा वेळ नुसता मांडव ऐकू येतो. आणि मग परत, जरा हळू: “चतुराबाई.” मायक मायकवाल्याला द्यायचा सोडून तो तसाच उभा होता. किल्लीचं तर सांगून झालं होतं; दुसऱ्यांदा नाव घ्यायचं तसं काही कारण नव्हतं.